पुठ्ठा

रोज पहाटे साडेपाचला
पार्किंगमध्ये ओणवी होऊन मी व्हॅनखालचा पुठ्ठा ओढते.
फ्रिजच्या खोक्याचा आहे,
बाण काढून 'ही बाजू वर' असं अजून लिहिलेलं.
काल डाग बशीएवढा होता,
आज ताटाएवढा.
हिरवट, बोटाला चिकट, वास गोडसर.
मांजर चाटायला येते, तिला हाकलते.

शेजारचे गानू म्हणाले, हळद घाला.
त्यांच्या फियाटला चालली होती,
ब्याऐंशी साली, खंबाटकीत.
मी दोन चमचे घातली.
चार दिवस थेंब नाही.
पाचव्या दिवशी तळजाईच्या चढाला
काटा लाल रेघेला जाऊन टेकला
आणि मागून कुणीतरी म्हणालं,
काकू, पुढून वाफ येतेय, इडल्या झाल्यासारखी.

गरम झाकण उघडायचं नसतं.
हे मला कुणी शिकवलं नाही,
माझ्या मनगटाला माहीत आहे.
म्हणून अकरा मुलं फुटपाथवर,
दप्तरं भिंतीला टेकवलेली,
शाळेची घंटा झालेली,
आणि आम्ही सगळे एक रेडिएटर निवायची वाट बघत.
शर्विलनं आपली बाटली पुढे केली.
साखर आहे का रे यात?
थोडीशी.
ठेव, तू पी.

नाना पेठेत बोळाच्या टोकाला हमीद मणेर.
उताणा झोपून व्हॅनखाली सरकला,
दोन पाइप, चार बोल्ट,
आणि रेडिएटर उन्हात आणून ठेवला.
जाळीत वाळलेल्या माश्या, गुलमोहराची पानं,
कुणाच्या तरी वाढदिवसाची चमकी.
वरची टाकी उघडली तर पिवळा गाळ.
हे पिठलं कुणी केलं?
मी गानूंचं नाव सांगितलं नाही.

मग एक तोंड बुचानं बंद,
दुसऱ्याला हवेची नळी,
आणि अख्खा रेडिएटर हौदात.
कोरड्यात बोलत नाही, म्हणाला,
बुडवला की बोलतो.
आम्ही दोघं वाकून.
आधी नुसतं काळं पाणी, त्यात आमची डोकी.
मग डाव्या कोपऱ्यातून एक बुडबुडा.
मग बारीक माळ.
मग खालून, जिथला मला संशयही नव्हता,
तिथून भसाभसा.

जुने डाख त्यानं बोट ठेवून मोजले.
हा माझा.
हाही माझाच, तेव्हा तुमचे मिस्टर यायचे.
हा भलत्याचाच, बघा कसा थापलाय.
गळकी नळी डाखानं बुजवायची, की ती कायमची गेली.
काही अशा गेल्या, काही हळदीनं.
बावन्नपैकी सत्तावीस चालू.
अजून एक डाख देतो, सहाशे घेईन,
पण पोरं बसतात ना यात?
मी पर्स उघडली,
बंद केली,
परत उघडली.

नवा त्याच्या पुतण्याच्या दुकानातून आला.
ॲल्युमिनियम, दोन्ही टोकांना प्लास्टिक,
हातात घेतला तर आत काही नसल्यासारखा.
याला डाख बसत नाही, मणेर म्हणाला.
गळला की टाकायचा.
आणि हात पुसत राहिला, पुसून झाल्यावरसुद्धा.

जुना तराजूत घातला.
तांबं-पितळ, साडेतीन किलो.
बिलातून वजा केलं तीन किलोचंच.
अर्धा किलो कुठे गेलं?
तेवढं त्यात माझं शिसं आहे, ताई.

आज पहाटे पुठ्ठा कोरडा.
उलटा करून पाहिला, खालची फरशीही कोरडी,
फक्त जुना डाग, तो निघत नाही.
मांजर येऊन मधोमध बसली, तिला बसू दिलं.
सीटखाली पाण्याच्या दोन बाटल्या आहेत, त्या राहू दिल्या.
काटा मध्यावर, हलत नाही,
तरी सिग्नलला मी दिव्याआधी त्याच्याकडे बघते.
चढ संपला तसा शर्विल पुढे वाकला,
काकू, आज थांबायचं नाही?